टर्कीला खायला शिकवणाऱ्या मावशी

मावशी कुणाच्याही आवारात शिरल्या की आधी खाली बसायच्या. नमस्कार नाही, "बरं हाय का" नाही. पदर कमरेला खोचून उकिडव्या बसायच्या, जवळची एखादी काडी उचलायच्या आणि कोंबड्यांची विष्ठा उलटीपालटी करून निरखायच्या. घरातली बाई चहाचं विचारायला दारात आली तर मान वर न करता म्हणायच्या, "बगू तरी आदी." चहा, पाणी, ख्यालीखुशाली हे सगळं त्या काडीनंतर.

माझ्या शेडवर पहिल्यांदा आल्या तेव्हा मी लॅपटॉप उघडून तयारीत बसलो होतो. पिल्लांचं वय, खाद्य, तापमान, सगळं रकाने पाडून लिहिलेलं होतं. मावशींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाली बसल्या, काडी फिरवली आणि ती काडी माझ्या नाकासमोर धरली.

"साहेब, वास घ्या."

मी घेतला. घेतला म्हणजे नाक पुढे नेलं आणि श्वास रोखून धरला.

"कसला येतोय?"

"घाण येतोय."

"घान तर येनारच. आंबूस हाय का, कुजका हाय?"

"मला नाही कळत."

"मग शिका. पाखरू तोंडानं बोलत न्हाई, पर खाली सगळं सांगून ठेवतं."

मी मूळचा लातूरकडचा. हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी, महाळुंग्यात अकराव्या मजल्यावर घर. अशा माणसाच्या डोक्यात चाळिशीच्या सुमारास शेती नावाचा किडा शिरतो, हे तुम्ही तुमच्याही ओळखीत पाहिलं असेल. ऑफिसातल्या एका मित्राच्या चुलत्यांची जवळच्या भरे गावात पडीक जागा होती. कोंबड्या सगळेच पाळतात, आपण टर्की पाळू, असं आम्ही दोघांनी ठरवलं. मित्र शेडचे पत्रे चढायच्या आधीच गळाला. बायको म्हणाली, "घरातली तुळस तिसऱ्यांदा आणलीये, एवढं लक्षात ठेव." मी लक्षात ठेवलं नाही.

टर्कीचं पिल्लू फार गोजिरं असतं आणि फार मठ्ठ असतं. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघालं की टोचायला लागतं, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. टर्कीच्या पिल्लाला मात्र खाणं ही कल्पनाच आधी पटवून द्यावी लागते. एका बाजूला दाण्यांनी भरलेलं भांडं, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि ते मधोमध उभं राहून उपाशी मरतं. माझी पहिल्या खेपेची नऊ पिल्लं अशी भरल्या ताटासमोर गेली. घाबरून मी दिसेल त्याला फोन केले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, अहो, त्या पशुसखी मावशींना बोलवा.

पशुसखी म्हणजे गावातल्या कोंबड्या-शेळ्यांची प्राथमिक देखभाल करायला शिकवून तयार केलेली बाई. लस टोचणं, जंताचं औषध देणं, जास्त काही असेल तर सरकारी डॉक्टरांना कळवणं. मावशींनी पन्नाशीला टेकल्यावर ते प्रशिक्षण घेतलं होतं. खांद्याला लसीचा बर्फाचा डबा आणि हातात वेताचं डालगं, अशा त्या भऱ्याच्या सगळ्या वाड्यांमधून फिरायच्या.

तर त्या दिवशी काडीचा कार्यक्रम आटोपल्यावर मावशींनी डालग्याचं फडकं बाजूला केलं. आत दोन गावठी कोंबडीची पिल्लं होती, आठवडाभराची.

"ही मास्तरं," त्या म्हणाल्या आणि दोघांना उचलून माझ्या टर्कींमध्ये सोडून दिलं.

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ भांड्यापाशी गेले आणि टकटक सुरू केली. टर्कीची पिल्लं बघत राहिली. मग एकाने मान वाकडी केली, पुढे आलं आणि एक दाणा टोचला. तो खाली पडला. पुन्हा टोचला. मग दुसरं आलं. दुपारपर्यंत अख्खा वर्ग जेवत होता. मी एवढा खूश झालो की टाळ्या वाजवल्या, आणि सगळा वर्ग घाबरून कोपऱ्यात पळाला.

"जरा दमानं," मावशी म्हणाल्या, "आत्ता कुटं शाळा भरलीया."

दहा-बारा दिवसांनी त्या मास्तरांना न्यायला आल्या. तोपर्यंत टर्कीची हवा गावात पसरली होती. बचत गटातल्या बायकांनी पिल्लं आणली होती. वरच्या वाडीत एक घर, माझ्या शेडला लागून आक्कांचं घर, पुढे आणखी दोन-तीन. सगळीकडे तोच प्रश्न, पिल्लं दाणा टिपत नाहीत. मग मास्तरांची बदली व्हायची. ते मोठे झाले की मावशींच्या घरच्या कोंबडीखालून नवे मास्तर निघायचे. आमच्या भागात टर्की जगल्या त्या या शाळेवर. ही पद्धत मावशींची स्वतःची होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

मावशींचा ठरलेला शब्द "का पर?" काहीही सांगा, त्या विचारणार, का पर? नर टर्की फुलून आला की त्याच्या डोक्याचा रंग का बदलतो? हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसने हॉर्न दिला की शेडातले सगळे नर एका सुरात का ओरडतात? हा दुसरा प्रश्न माझ्या नोकरीच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करायचो, म्हणजे शेडवरून. मीटिंगमध्ये मी तोंड उघडायला आणि बस यायला गाठ पडायची. पलीकडचा साहेब विचारायचा, तुमच्याकडे कुणी हसतंय का?

एकदा मावशींनी माझं काम काय ते विचारलं.

"दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या."

"आन् सुदारायच्या?"

"नाही. सुधारणारे वेगळे. आम्ही फक्त दाखवायच्या."

"आमच्यात ह्ये काम सासवा करत्यात," त्या म्हणाल्या. "त्येंना कुनी खुर्ची देत न्हाई, येवढंच." त्या दिवसापासून त्यांनी मला साहेब म्हणणं सोडलं आणि भाऊ म्हणायला लागल्या.

आक्का सत्तरीच्या, घरच्या मोठ्या, बोलायला फटकळ. एका सकाळी मी मावशींबरोबर आक्कांच्या फाटकातून आत जात होतो, तेव्हा त्या फाटकापाशी क्षणभर थांबल्या आणि सहज सांगावं तसं म्हणाल्या, "माजी आई हितवर यायची. हितनं पुडं न्हाई."

मावशी बौद्धवाड्यातल्या, हे मला माहीत होतं. पण फाटक दाखवून कुणी असं सांगितलं की आपण कुठे बघावं ते कळत नाही.

"मग तुम्ही आत कशा आलात?"

"कोंबड्यांनी आनलं," त्या हसल्या. "मानमोडी आली त्या साली हिच्या कोंबड्या पटापट मराया लागल्या. मी आपली सवयीनं हितंच उभी. तर आतनं म्हातारी वराडली, आगं तितनं काय दिसनार हाय तुला, आत ये की! आले. आता पार चुलीपातुर जाते. तिची खुडूक कोंबडी तितंच बसती ना, फळीखाली." मग न हसता त्या म्हणाल्या, "पन्नास वर्सं लागली भाऊ ह्या फाटकातनं आत याया."

पावसाळा ओसरता ओसरता नव्या खेपेची पिल्लं आजारी पडली. पहिल्यांदा वरच्या वाडीत. मग दहा-बारा दिवसांनी माझ्याकडे, मग आक्कांकडे. मी शेडवर गेलो तर सगळी पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून बसलेली, ऊब असूनही गारठल्यासारखी, आणि एकसारखी चिवचिवत होती. भाताच्या तुसावर पातळ, फेसाळ विष्ठा. पंखांखाली हात घातला तर नुसती हाडं लागत होती. काहींची डोकी काळसर पडली होती. मावशी आल्या, खाली बसल्या, काडी फिरवली आणि या वेळी मला वास घ्यायला सांगितला नाही.

"ह्ये मी बगितल्यालं न्हाई," त्या म्हणाल्या. "डाक्टरांना बोलवा."

सरकारी डॉक्टर आले. तरुण, शांत माणूस. त्यांनी मेलेली पिल्लं तपासली, आतड्यांचे नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवले. काही दिवसांनी उत्तर आलं. टर्कीच्या आतड्यांना धरणारा कोरोना विषाणू.

शेडच्या दाराशी उभं राहून डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं. हा माणसांना होणारा तो नव्हे, याचा माणसाला धोका नाही. यावर खास औषध नाही, लस नाही. ऊब द्या, स्वच्छ पाणी द्या, गर्दी करू देऊ नका. जगतील ती जगतील. पण जगलेल्यांच्या विष्ठेतूनही तो कितीतरी आठवडे बाहेर पडत राहतो, तेव्हा सगळी शेडं एकदा पूर्ण रिकामी करून, धुऊन, महिनाभर तशीच ठेवलेली बरी.

"त्यो येतो कुटनं पर?" मावशींनी विचारलं.

"विष्ठेतून. चप्पल, पाय, टोपल्या, भांडी, गाड्यांची चाकं, माश्या. नखाएवढी घाण पुरते."

"आन् कोंबडीच्या पिल्लाला हुतो का ह्यो?"

"दिसण्यासारखं काही होत नाही त्याला. पण पोटात घेऊन फिरू शकतं."

मावशींनी पुढे काही विचारलं नाही. मला ते तेव्हा जाणवायला हवं होतं. पण मी फोनमध्ये डोकं घालून माझी स्वतःची चूक करण्यात गुंतलो होतो. मी गावच्या ग्रुपवर टाकलं, "आपल्या टर्कींना कोरोना. सविस्तर नंतर." आणि मीटिंगला बसलो. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारा माणूस!

मीटिंगमधून उठेपर्यंत गावात निम्म्या तोंडांवर मास्क चढले होते. ग्रुपवर शंभरावर निरोप, त्यात गरम पाण्याच्या गुळण्या, कापूर, आणि कुणा शहाण्याचा जुना व्हिडिओ. संध्याकाळपर्यंत माझा निरोप महाळुंग्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरला होता. लिफ्टचं दार उघडलं, आत शेजारच्या काकू होत्या. मला बघून त्या तिसऱ्या मजल्यालाच उतरल्या. राहतात माझ्याच मजल्यावर.

मावशी दोन दिवस दारोदार फिरून सांगत होत्या, "मानसांचा न्हाई बायांनो, पाखरांचा हाय." मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, सविस्तर आदी लिवायचं असतंया."

लोकांची भीती उतरली, पण मग राग आला. रोग आणला कुणी? नाव कुणीतरी लागतंच. फीडची गाडी घेऊन येणारा एक बिहारकडचा ड्रायव्हर होता, साधा माणूस, पाच-सहा गावांत त्याची फेरी असायची. त्याला रस्त्यातच अडवलं. तो हात जोडून म्हणत होता, "भैया, हम तो दाना लाते हैं, बीमारी थोड़ी लाते हैं." कुणी ऐकलं नाही. गाडी परत फिरवली आणि त्याच्या मालकाला फोन गेला की या माणसाला पुन्हा पाठवू नका. मालक म्हणाला, मग कामावर ठेवू तरी कशाला त्याला.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेलो तर मावशी दारात बसलेल्या. त्यांनी जमिनीवर मक्याचे दाणे मांडले होते.

"ह्यो वरच्या वाडीतला," पहिल्या दाण्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "ह्यो तुमी. ह्यो आक्का. ह्यो पलीकडचं घर, तितं कालपासनं लागलंय. आता सांगा, गाडीवाला कुटनं सुरू करतो?"

"आक्कांपासून. रस्त्यालगत पहिलं तेच घर."

"आन् माजी मास्तरं कुटनं सुरू झाली औंदा?"

मी दाण्यांकडे पाहिलं. वरची वाडी, मी, आक्का, पलीकडचं घर. तसाच क्रम, तेवढ्याच दिवसांचं अंतर. वरच्या वाडीत तो पहिल्यांदा कुठून आला ते कुणालाच सांगता येणार नाही, बहुधा आणलेल्या पिल्लांबरोबरच आला असेल. पण तिथून पुढे तो डालग्यात बसून फिरला होता. चूक कुठे आहे ते शोधायची मला सवय, आणि इतकी स्वच्छ चूक मी आयुष्यात पाहिली नव्हती. त्या क्षणी मला ती पुसून टाकावीशी वाटली.

"मावशी, हे तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. चिमण्या आहेत, माश्या आहेत. कुठूनही गेला असेल."

"आसंल. पर त्या गाडीवाल्याचं काय?"

"त्याला दुसरीकडे काम मिळेल."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण मला ती नजर अजून सहन होत नाही.

"भाऊ, घान एकाची आन् नाव दुसऱ्याचं, ह्ये मला शिकवू नगा. ह्ये आमाला लई जुनं म्हाईत हाय."

"पण तुम्हाला पुन्हा कुणी आत घेणार नाही."

"त्याचंच तर भ्याव हाय," त्या म्हणाल्या. "डाक्टर बोलले तवाधरनं त्येच भ्याव हाय." आणि दाणे गोळा करून उठल्या.

दुपारी बचत गटाची बैठक आक्कांच्या अंगणात होती. मीही गेलो, कारण टर्कीचा विषय निघणार होता. मावशी आल्या आणि फाटकाबाहेर थांबल्या.

"आत ये की गं," आक्का म्हणाल्या.

"न्हाई आक्का. हितनंच सांगते." आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा मोठा. "रोग त्या गाडीवाल्यानं न्हाई आनला. माजी मास्तरं घरोघर गेली, त्यांच्या पोटातनं ग्येला. न्हाईतर माज्या डालग्यानं, न्हाईतर माज्या पायानं. कशानं ग्येला ते सांगता येत न्हाई, पर ग्येला माज्याबरुबर. म्या मुद्दाम क्येलं न्हाई. पर क्येलं म्याच."

मग आक्कांची सून हळूच म्हणाली, "तरी मी म्हनतच व्हते..." आणि पुढचं तिने गिळलं. तिने जे गिळलं ते अंगणातल्या प्रत्येकाला ऐकू आलं. मावशींनाही आलं. आक्का उठल्या. मला वाटलं आता सुनेला झापतील. पण त्या मावशींकडे एकदा बघून घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यांची अठ्ठावीस पिल्लं त्या आठवड्यात गेली होती, हे खरं. म्हातारी त्यांना पदरात घेऊन बसायची, हेही खरं.

मावशींनी बाकीच्यांना सगळं समजावून सांगितलं, तूस जाळा, चुना मारा, महिनाभर एक पाखरू आणू नका. आणि शेवटी म्हणाल्या, "त्या गाडीवाल्याला येऊ द्या." मग वळून चालू लागल्या. मी खुर्चीत बसून होतो. उठून त्यांच्या शेजारी फाटकाबाहेर जाऊन उभं राहायला मला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. धीर झाला नाही, एवढंच.

ड्रायव्हरला परत कामावर घेतलं. तो आता फाटकाबाहेरच गाडी थांबवून चाकांवर औषध मारून घ्यायचा. त्याने हॉर्न दिला तरी उत्तर द्यायला माझ्या शेडात एकही टर्की नव्हती. मी शेड रिकामं केलं होतं. मावशींनी त्याहून जास्त केलं. घरच्या सगळ्या गावठी कोंबड्या काढून टाकल्या. दारोदार फिरणाऱ्या बाईच्या घरी पाखरू नको, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांचं अंगण कधी कोंबडीवाचून नव्हतं. "मास्तरं रिटायर झाली," मला सांगताना त्या म्हणाल्या, आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

त्यांना येणारे फोन कमी झाले. काही घरांनी शेजारच्या गावची मुलगी बोलवायला सुरुवात केली. ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडेही मावशी आत जाईनात. फाटकाबाहेर थांबायच्या, कोंबडी तिथे आणायला लावायच्या, तिथेच बघायच्या, हात धुवायच्या आणि पुढे जायच्या. एका भर दुपारी मी त्यांना असं एका घराबाहेर उन्हात उभं पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"मावशी, पुन्हा बाहेर? यासाठी केलं हे सगळं?"

"तवा उभं क्येलं व्हतं," त्या म्हणाल्या. "आता मी उभी हाय. लई फरक हाय भाऊ त्यात."

असेल. मला मात्र लांबून बघताना तो फरक दिसत नव्हता. आणि सांगून टाकतो, त्यांनाही तो रोज दिसत असेल असं मला वाटत नाही. आक्कांच्या घरावरून जाताना त्या पावलं जोरात टाकायच्या.

मावशींना जाऊन आता दीड वर्ष होईल. छातीत कळ आली म्हणून बसल्या आणि दवाखान्यात न्यायच्या आत गेल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी चांगली आहे, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून येते. पण ती "का पर?" विचारत नाही, आणि मला करमत नाही. मावशींविषयी सांगायचं राहिलं ते पिल्लांच्या त्या आजारानंतर चार महिन्यांनी घडलेलं.

नवी पिल्लं आली होती. माझ्याकडे आणि आक्कांकडे एकाच दिवशी. आणि पुन्हा तेच, दाण्यांत उभी आणि उपाशी. आता मास्तर नव्हते. मी विचारायला बौद्धवाड्यात गेलो. मावशींनी घरासमोर फाटक म्हणून दोन बांबू आडवे बांधले होते आणि अलीकडे घमेल्यात ब्लिचिंगचं पाणी ठेवलं होतं. मी घमेल्यापर्यंत पोचलो तेवढ्यात मागून कुणीतरी धापा टाकत आलं. बघतो तर आक्का. या आळीत त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं. आजूबाजूच्या दारांतून माणसं बाहेर डोकावली.

मावशी दारात आल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आक्का बांबूला हात घालणार एवढ्यात मावशी ओरडल्या, "तितंच थांबा!"

आक्का जागच्या जागी थबकल्या. सगळी आळी थबकली.

"पिल्लांतनं आलाय व्हय?" मावशींनी विचारलं.

"व्हय."

"मग पाय घाला त्यात. धा आकडं मोजा."

मला वाटलं, झालं. आक्कांना असं दारात अडवून हुकूम सोडलेला मी कधी ऐकला नव्हता. पण म्हातारीने लुगडं घोट्यावर उचललं, घमेल्यात उभी राहिली आणि मोठ्याने मोजायला लागली. एक, दोन, तीन. दहापर्यंत मोजून वर पाहिलं.

"माजी पिल्लं दानं खाईनात," त्या म्हणाल्या. "तू चल."

"मास्तरं न्हाईत आता."

"तू हायेस न्हवं."

मावशींनी पदर कमरेला खोचला. "येते. पर फाटकाच्या आत याची न्हाई मी. पिल्लांचं खोकं भाईर आना."

"आनते," आक्का म्हणाल्या. "आन् मी बी भाईरच बसते. ये."

मी शेडवर परतून हातपाय धुऊन येईपर्यंत त्या दोघी बसलेल्याही होत्या. आक्कांच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, एकाच पोत्यावर. मधे खोकं, खोक्यात वीसेक पिल्लं आणि दाण्यांची पाटी. सून आतून म्हणाली, आत्याबाई, उन्हात काय बसलाय, तर आक्कांनी तिला हाताने गप्प केलं. मावशी पाटीत बोट आपटून दाखवत होत्या, नख पुढे, चोच मारल्यासारखं, टक टक टक. "जोरात आक्का, भिऊ नगा, त्येंना आयकू आलं पायजे." आक्कांनी पाटीत बोट घातलं. पिल्लं माना वाकड्या करून बघत होती. मग एक पुढे आलं आणि दोन बोटांच्या मधला दाणा त्याने टोचला. पाटी लहान होती. आक्कांचं बोट सारखं मावशींच्या बोटाला लागत होतं, आणि दोघींपैकी कुणीही ते मागे घेत नव्हतं.